बावीस नंबरचा मीटर

ऑक्टोबर संपत आला होता. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागले होते आणि मी तिथून दहा मिनिटांवरच्या एका जुन्या कारखान्यात मीटर बसवत होते. लेस्टर हे एके काळी होजियरीचं गाव. मोजे, बनियन, स्वेटर विणणारे कारखाने एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या लाल विटांच्या इमारती छोट्या छोट्या गाळ्यांत वाटल्या गेल्या. या इमारतीत असे चोवीस गाळे होते. कुणाचं शिवणकाम, कुणाची बेकरी, कुणाचं छपाईचं मशीन, कुणी नुसतंच सामान भरून ठेवलेलं.

विजेचं कनेक्शन एकच, इमारतीच्या मालकाच्या नावावर. आत प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर. आतापर्यंत केअरटेकर महिन्याच्या शेवटी वही-पेन घेऊन फिरायचा आणि आकडे टिपून घ्यायचा. तो निवृत्त झाला. मालकांना आता सगळे आकडे आपोआप कॉम्प्युटरवर हवे होते. ते काम माझ्याकडे आलं.

मी मूळची नाशिकची. इन्स्ट्रुमेंटेशन शिकले, अंबडच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काढली आणि लग्नानंतर इकडे आले. आता कॉव्हेंट्रीत राहते. मीटर, पंप, बॉयलर यांना कॉम्प्युटरशी बोलायला लावणं हा माझा धंदा. यंत्रांचं लग्न जमवणारी बाई, असं नवरा म्हणतो.

ज्यांचा या गोष्टींशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पॅनेल मीटर म्हणजे ९६ मिलिमीटर लांबी-रुंदीचा एक चौकोनी डबा. पॅनेलच्या दाराला भोक पाडून त्यात तो बसवतात. पुढे आकडे आणि खाली चार बटणं. मागे वायरींचं जंगल. त्या जंगलात एका कोपऱ्यात दोन छोटे स्क्रू असतात, ‘ए’ आणि ‘बी’. मीटर बोलतो तो या दोन स्क्रूंमधून. पहिल्या मीटरपासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला अशी दोन तारांची माळ ओवत न्यायची आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा. तो नसेल तर लांब लाइनीवर संदेश टोकाला आपटून मागे फिरतो आणि पुढच्या शब्दात मिसळतो. या जोडणीला आरएस-४८५ म्हणतात. अशी लाइन १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते. तिच्यावर जी भाषा बोलली जाते ती मॉडबस. मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ साली आपल्या पीएलसींसाठी काढली. माझ्याहून वयाने मोठी आहे, पण अजून जगभरच्या कारखान्यांत तीच चालते.

बोलणं सुरू व्हायला दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी जुळाव्या लागतात. एक, वेग, म्हणजे बॉड रेट. दोन, पॅरिटी. प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांमागे एक जादा बिट जोडायचा, असा की एकूण ‘एक’ सम संख्येत यावेत. वाटेत एखादा बिट उलटला तर लगेच कळतं. तीन, स्टॉप बिट, म्हणजे अक्षर संपल्याची खूण. यातली एक गोष्ट जरी जुळली नाही तरी मीटर भांडत नाही, चूक दाखवत नाही. तो गप्प बसतो. या धंद्यात नवीन असताना त्या गप्प बसण्याने मला अनेकदा रडवलं आहे.

इथेही पहिल्या दिवशी तेच झालं. तळमजल्यावरचे बारा मीटर आधीचे होते. त्यांचा वेग १९२००, पॅरिटी सम. वरच्या मजल्याचे बारा नवे कोरे. ते आले ९६००वर, पॅरिटी शिवाय. एकाच लाइनीवर दोन भाषा चालत नाहीत. मी सगळ्यांना ९६००, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट यावर आणलं. आकडे दर पंधरा मिनिटांनी लागणार होते, धावायची घाई कुणाला होती? त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर. एक ज्या तारेला ‘ए’ म्हणते तिला दुसरी ‘बी’ म्हणते. तारा उलटसुलट करण्यात एक तास गेला. ही या धंद्यातली जुनी गंमत आहे. जिची गंमत होते तिला हसू येत नाही एवढंच.

मग शेवटची गोष्ट, पत्ता. कारखान्यातून येताना प्रत्येक नव्या मीटरचा पत्ता एकच असतो : १. वर्गातल्या सगळ्या मुलांचं नाव एकच ठेवल्यासारखं. प्रत्येकासमोर उभं राहून, बटणं दाबून, त्याला वेगळा नंबर द्यावा लागतो. १ ते २४७ यांतला कुठलाही. मी सोपा हिशेब ठेवला : गाळ्याचा नंबर तोच मीटरचा पत्ता. कॉम्प्युटर लाइनीवर हाक मारतो, “बावीस, तुझा आकडा सांग.” हाक सगळ्यांना ऐकू जाते, पण उत्तर फक्त बावीस देतो. बाकीच्यांनी गप्प राहायचं. आणि कुणीही आपणहून काही बोलायचं नाही. विचारलं तरच, आणि विचारलं तेवढंच. आमच्या पुस्तकांत या दोघांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. २०२०मध्ये मॉडबसच्या संस्थेने ते शब्द बदलून क्लायंट आणि सर्व्हर केले. बरं केलं. पण नियम तोच राहिला.

वरच्या मजल्यावरच्या पॅनेलमध्ये चार-चार मीटरच्या तीन ओळी होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी दोन ओळी झाल्या. शेवटच्या ओळीतला एक मीटर उत्तर देईना, म्हणून मी पॅनेल मागून उघडलं, वायरिंगचा कागद घेतला आणि एक सैल स्क्रू शोधून काढला. मग पुढे येऊन त्याच कागदावर बघत २१ ते २४ हे पत्ते टाकले. चोवीसच्या चोवीस मीटर बोलू लागले. लॅपटॉपवर चोवीस हिरवे ठिपके. बाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं.

गाडीत बसून आईला फोन केला. नाशिकला रात्र झाली होती.

“फराळ झाला का गं?”

“झाला की.”

“औषधं घेतलीस?”

“घेतली.”

“पाणी येतंय ना नीट?”

“येतंय. तू जेवलीस का?”

“जेवले. बरं, ठेवते, गाडी चालवायचीय.”

हा आमचा नेहमीचा फोन. दर रविवारी आणि सणावाराला.

जानेवारीत इमारतीच्या मॅनेजरची मेल आली. २२ नंबरच्या गाळ्यातल्या शिंपीणबाई म्हणतात की नवी पद्धत आल्यापासून त्यांचं बिल तिप्पट येतंय, मीटर तपासा. मी घरूनच लाइनीला जोडून घेतलं. २२ नंबरला पाचशे वेळा हाक मारली. पाचशे उत्तरं आली. प्रत्येक उत्तराच्या शेवटी सीआरसी म्हणून एक पडताळा असतो, संदेश वाटेत बिघडला का ते ओळखण्यासाठी. एकही पडताळा चुकला नव्हता. मी मेल लिहिली : ‘मीटरशी संपर्क सुरळीत आहे. दोष आढळला नाही. भाडेकरूने आपला वापर तपासावा.’

ते शेवटचं वाक्य मी लिहिलं. कुणी लिही म्हटलं नव्हतं.

फेब्रुवारीत पुन्हा मेल आली. बाई म्हणतात वापर कमी केला, तरी बिल तेवढंच. या वेळी मी लॅपटॉप उघडला नाही. का ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा ‘वापर कमी केला’ हे शब्द टोचले असावेत. मी गाडी काढली आणि लेस्टर गाठलं.

२२ नंबरचं दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी. अंगात ओव्हरकोट, त्यावर शाल, हातात बोटं कापलेले लोकरी हातमोजे. मशीनवर कुणाच्या तरी लग्नाचा चनिया पडलेला. खोलीत बाहेरच्याइतकीच थंडी होती. आमच्या नाशिकच्या चाळीत शेजारी गुजराती होते, त्यामुळे मला थोडंफार येतं. मी विचारलं, “मासी, हीटर बंद का?”

“बिल ओछुं आवे एटले, बेटा,” त्या म्हणाल्या. बिल कमी यावं म्हणून. डिसेंबरपासून.

मासी मूळच्या कंपालाच्या. १९७२मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितला तेव्हा त्या वीस-एकवीस वर्षांच्या. इथे आल्या आणि अशाच एका होजियरीच्या कारखान्यात शिलाईला लागल्या. कारखाना बंद झाल्यावर स्वतःचं मशीन घेतलं. हे सगळं त्यांनी मला पुढे सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, “तू मीटरवाळी? तारी मेल मॅनेजरने मला वाचून दाखवली.”

मी काही बोलले नाही. जिन्याजवळच्या पॅनेलपाशी गेले, लॅपटॉप लाइनीला जोडला आणि २२ नंबरला विचारलं, आत्ता करंट किती? उत्तर आलं, ३१ अँपिअर. मग मान वर करून पॅनेलच्या दारावरच्या २२ नंबरच्या मीटरकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर होतं ०.४. शिलाईचं मशीन आणि एक ट्यूबलाइट, दुसरं काय असणार.

मी ओरडून सांगितलं, “मासी, इस्त्री लावा!”

चेहऱ्यावरचा आकडा ०.४ वरून ९.१ झाला. लॅपटॉपवर बावीसचा आकडा ३१ वरून हलला नाही. मी २३ला विचारलं. ९.१.

शेजारचा २३ नंबरचा गाळा केक भाजणाऱ्या एका मुलाचा होता. मोठा विजेचा ओव्हन. त्याच्या मीटरचा पत्ता २२ आणि मासींच्या मीटरचा २३. पुढे पाहिलं तर २१ आणि २४ सुद्धा आपसांत बदललेले. ते दोघे नुसतं सामान ठेवणारे, दोघांचं बिल सारखंच किरकोळ, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण मला पॅनेलसमोर उभ्या उभ्याच कळलं. त्या दिवशी माझ्या हातात जो वायरिंगचा कागद होता तो पॅनेल मागून कसं दिसतं याचा होता. मागून पाहिलं की डावं उजवीकडे जातं. मागे उभं राहून वायर शोधायला तो बरोबर, आणि पुढे उभं राहून पत्ते टाकायला तो नेमका उलटा. चारही मीटर आपापला आकडा खरा सांगत होते. वेग जुळला होता, पॅरिटी जुळली होती, सगळे पडताळे बरोबर होते. मी भलत्यालाच विचारत होते एवढंच. आणि भलत्याने दिलेलं उत्तर इतकं स्वच्छ होतं की मी त्याच्या जोरावर एका म्हाताऱ्या बाईला खोटं ठरवलं.

पत्ते दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. रिपोर्ट लिहायला दोन तास. चूक माझी, तारीख अमुक, चार गाळे, इतक्या महिन्यांची बिलं बदलावी लागतील. आमच्या साहेबांनी वाचून विचारलं, “पत्त्यांत तफावत आढळली, असं लिहिलं तर नाही चालणार?” मी म्हणाले, नाही चालणार, कारण पत्ते आपण होऊन बदलत नाहीत. त्यांनी फार ताणलं नाही. केकवाला मुलगा मात्र वैतागला, आणि तेही बरोबरच होतं. “मला वाटलं नवा ओव्हन वीज कमी खातो,” तो म्हणाला, “मी चार मित्रांना घ्यायला लावला.” त्याचा फरक त्याला हप्त्यांनी भरू द्यावा असं मी रिपोर्टात घातलं, आणि मालकांनी ते मान्य केलं.

मार्चमध्ये मासींना पैसे परत मिळाले. मी भेटायला गेले तेव्हा हीटर चालू होता. त्यांनी गाठिये काढले, चहा केला. मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला, पण ‘काही नाही गं’ असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “पैसा आव्या. पण शियाळो तो गयो ने.” हिवाळा तर गेलाच ना. मग थोड्या वेळाने विचारलं, “तारी बा क्यां छे? एकली?”

मी सांगितलं, नाशिकला असते, एकटी असते, पण बरी आहे, दर रविवारी फोन असतो.

“हुं पण मारा दीकराने एम ज कहुं छुं,” मासी म्हणाल्या. “बधुं सारुं छे.” त्यांचा मुलगा कॅनडात असतो. तीन महिने ओव्हरकोट घालून शिवत होत्या आणि मुलाला सांगत होत्या, सगळं छान आहे.

त्या रविवारी आईला फोन लावला आणि माझी जीभ नेहमीच्या प्रश्नावर आली. जेवलीस का? मी थांबले. गेली सात-आठ वर्षं मी आईला तेच चार प्रश्न विचारत होते. तीही त्यांची तीच चार उत्तरं देत होती. उत्तरं खोटी नव्हती. जेवण होत होतं, पाणी येत होतं.

मी विचारलं, “आई, संध्याकाळी दिवेलागण झाली की तू काय करतेस?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “काही नाही. बसते.”

“टीव्ही?”

“नीट दिसत नाही गं हल्ली. धुकं असल्यासारखं दिसतं.”

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष.”

“सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे?” हे ती रागाने म्हणाली नाही. साधं सांगावं तसं म्हणाली.

एप्रिलमध्ये मी नाशिकला गेले. फोनवर जे कळलं नसतं ते घरात पाऊल टाकल्यावर तासाभरात कळलं. औषधांच्या पाकिटांवरची नावं तिला वाचता येत नव्हती, म्हणून रात्रीच्या गोळ्यांना तिने रबरबँड लावला होता आणि सकाळच्यांना नाही. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली की ती पाकीट चाचपून पाहायची आणि शेजारच्या काकूंकडे न्यायची. दिवाळीत चकल्या तिने केल्याच नव्हत्या. कढईतल्या तेलाचा अंदाज येत नव्हता, म्हणून विकत आणल्या होत्या. मी विचारलं होतं फराळ झाला का, आणि फराळ तर झालाच होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मी रजा वाढवून घेतली. एका डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी झालं, दुसऱ्याचं मेच्या अखेरीस. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता किती साधं झालं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच दिवशी घरी सोडतात. वर्षभर ती त्या धुक्यात बसली होती ते एवढ्याशा गोष्टीसाठी.

मला आईची तुलना मीटरशी करायची नाही. तिला ती आवडणारही नाही. पण आपण जे इतक्या लांब राहतो, त्यांचा सगळा भरवसा त्या हिरव्या ठिपक्यावर असतो. फोन लागला, आवाज स्पष्ट आला, व्हिडिओ अडकला नाही, म्हणजे बोलणं झालं. आवाज स्पष्ट येणं ही तारेची गोष्ट झाली. आपण काय विचारलं, ती त्याच्याही पुढची.

कामावर मी एक बदल केला. मीटर जोडून झाले की आमच्याकडे एक यादी भरावी लागते : वेग, पॅरिटी, स्टॉप बिट, पत्ता, शंभर हाकांना शंभर उत्तरं. तिच्या शेवटी मी एक ओळ वाढवली. प्रत्येक मीटरसमोर उभं राहून, लोड चालू-बंद करून, चेहऱ्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा ताडून पाहिला. खाली सही. चोवीस मीटरना त्यासाठी अर्धा दिवस जास्त लागतो. साहेब कुरकुरतात, पण ओळ काढत नाहीत.

परवा, मधल्याच एका बुधवारी, दुपारी फोन वाजला. पाहिलं तर आई. तिने आपणहून फोन केला की माझ्या पोटात गोळा येतो. घाईघाईने उचलला.

“काय गं, काय झालं?”

“काही झालं नाही. सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. म्हटलं तुला सांगावं.”